पान्याच्या जागी सुपारी

उज्जैनच्या टॉवर चौकात झेंडूचे ढीग लागले की मी स्कूटर मागच्या गल्लीत घालते. लोक थांबून घासाघीस करतात, फुलं हुंगतात, पिशव्या भरून नेतात. मी गल्लीतून गुपचूप घरी येते, आणि आईनं "फुलं आणली नाहीस?" असं विचारलं की "विसरले" म्हणते. झेंडूशी माझं काही वैर नाही. पण त्या वासामागून मला डिझेलचा वास येतो, डिझेलमागून सोयाबीनच्या भुशाचा, आणि सगळ्यांच्या मागून भीती येते. काही वर्षांपूर्वीच्या एका नवरात्रानं हे तिन्ही वास एकत्र बांधून माझ्याकडे दिले, ते अजून सुटलेले नाहीत.

मी तशी जन्माचीच भित्री. लहानपणी कुकरची शिट्टी व्हायच्या आत अंगणात पळायची. आई म्हणायची, "भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस." मला शाळेत भूगोल शिकवायची नोकरी लागली, केस पिकायला लागले, तरी ब्रह्मराक्षस काही आला नाही. आली ती बाबांची डिझेल गाडी.

ही गाडी बाबांनी सिंचन खात्यात इंजिनियर असताना घेतली. तेव्हा पांढरी होती, आता तिचा रंग जुन्या सायीसारखा झाला आहे. किल्ली अर्धी फिरवायची, हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग पूर्ण फिरवायची. थांबायला मला कधी जमलं नाही. बाबा म्हणायचे, "अग, तिला जरा गरम तर होऊ दे. तुला सकाळी चहाशिवाय कोणी उठवलं तर?" आमच्या नानाखेड्याच्या कॉलनीत तिचा खडखडाट इतका ओळखीचा, की शेजारच्या काकू त्यावरून दूध तापवायला ठेवत. मी कितीदा म्हटलं, विका आता ही.  बाबा नुसतं बॉनेट उघडायचे आणि मला जवळ बोलवायचे.

डिझेलच्या गाडीचं एक आहे. टाकीपासून इंजिनापर्यंत तिला डिझेलची अखंड धार लागते. मध्ये कुठे बारीकशी हवा शिरली की पंप त्या हवेलाच दाबत बसतो. हवा दबते, फुगते, पुन्हा दबते, पण इंजिनात काही जात नाही. "गाडीनं हवा घेतली," असं म्हणायचे बाबा. आमचं उज्जैनचं मराठी असंच, निम्मं हिंदीतून उचललेलं. मग ती हवा बाहेर काढावी लागते. फिल्टरच्या डोक्यावर एक रबरी बटण असतं, ते अंगठ्यानं दाबायचं. शेजारी पितळेचा छोटा स्क्रू असतो, तो दहा नंबरच्या पान्यानं सैल करायचा आणि बटण दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. धार आली की बटण दाबलेलंच ठेवून स्क्रू आवळायचा. बाबा हे देवपूजेसारखं सांगत, आणि मी देवपूजेसारखंच अर्धा कान देऊन ऐकत असे. वाटायचं, आपल्याला कशाला लागतंय हे? बाबा आहेत ना.

मग बाबांच्या किडन्या गेल्या.

डायलिसिस सुरू झालं ते इंदूरला. त्यांचे डॉक्टर पहिल्यापासून तिथलेच होते, आणि बाबा एकदा एखाद्या डॉक्टरवर विश्वास टाकला की काढून घेणारे नव्हते. आठवड्यातून दोनदा जायचं. टॅक्सी नको म्हणायचे. परत येताना त्यांना मळमळायचं, कधी उलटी व्हायची, आणि परक्याच्या गाडीत त्यांना त्याची लाज वाटायची. आपल्या गाडीत मागच्या लांब सीटवर ते पाय पसरून निजत. त्यामुळे गाडी विकायचं माझं बोलणं बंद झालं आणि मी ती चालवायला लागले. भूगोलाच्या बाईंना इंदूरचा रस्ता नव्यानं शिकावा लागला.

तिथल्या त्या थंड खोलीत मी बाबांच्या शेजारी स्टुलावर बसायची. त्यांच्या डाव्या हातात सुया, सुयांना नळ्या, नळ्यांमधून त्यांचंच रक्त मशीनमध्ये जातंय आणि परत येतंय. माझे डोळे नळीवर खिळलेले असत. एखादा बारीक बुडबुडा दिसला की मी सिस्टरला हाक मारायची. सिस्टर टिचकी मारून तो वर घालवायची, सहज, जणू भांड्यावरची माशी हाकलतेय. बाबा डोळे मिटून विचारत, "सिस्टर, हवा काढली ना?" ती हसायची, "हां अंकल, पूरी निकाल दी." मला हसू येत नसे. आयुष्यभर ज्या हवेवर माणूस जगतो, तीच चुकीच्या जागी गेली तर त्याला संपवू शकते, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं, आणि तेव्हापासून मी गाडीतल्या फिल्टरच्या पारदर्शक नळीकडेही तशीच बघू लागले.

त्या वर्षी नवरात्रात बाबांना ताप येऊन एक पाळी चुकली होती. डॉक्टरांनी फोनवर बजावून सांगितलं, पुढची कोणत्याही परिस्थितीत चुकवू नका, अंगात पाणी साठतंय, ते छातीत चढेल. पुढची पाळी आली नेमकी खंडेनवमीला. बाबांचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. उताणं निजलं की दम लागायचा, म्हणून ते खुर्चीतच बसून झोपत.

खंडेनवमीचं आमच्या घरी फार. आमचे पूर्वज शिंद्यांच्या वेळी दप्तरात कारकून म्हणून इकडे आले. तलवार कोणी कधी धरली नाही, पण शस्त्रपूजा मात्र सरदारासारखी. विळी, सुरी, आईची शिवणाची कात्री, माझं पेन, आणि मधोमध बाबांची पानापेटी, गाडीच्या सगळ्या पान्यांची. पाने पुसून, ओळीनं पाटावर मांडून, हळदकुंकू, झेंडू. एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत हलवायचं नाही. बाबा स्वतः इंजिनियर, पण हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. "वर्षभर राबतात बिचारे," म्हणायचे, "एक दिवस त्यांना बसू दे."

अष्टमीला ते दरवर्षी गाडीचा फिल्टर बदलत. त्याही वर्षी बदलला, पोर्चमध्ये स्टूल टाकून, दर दोन मिनिटांनी श्वास घेत. आई तिथेच ताम्हन, समया चिंचेनं घासत बसली होती. तो पितळी स्क्रू वर्तमानपत्रावर दिसला तशी तिनं उचलला. "आण इकडे, हाही घासून देते. उद्या गाडीची पूजा, आणि हा असा काळाकुट्ट." घासून त्याचं सोनं करून तिनं परत दिला. बाबांनी तो बसवला, गाडी सुरू करून पाहिली. झकास चालली. आम्ही सगळे खूश.

नवमीला सकाळी पूजा झाली. आईनं बाबांच्या उजव्या मनगटावर हरसिद्धीच्या देवळातून आणलेला लाल नाडा बांधला. गाठीवर गाठ मारत होती आणि ओठांत काहीतरी पुटपुटत होती. तिनं काय मागितलं ते विचारायची गरज नव्हती. गाडीला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि आम्ही दोघं निघालो. पानापेटी पाटावरच राहिली. ती बरोबर घ्यावी हे त्या दिवशी आमच्यातल्या कोणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

मोठ्या रस्त्याचं काम चाललं होतं, ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या. बाबा म्हणाले, आतल्या गावांवरून घे. दोन्हीकडे सोयाबीन निघत होतं. अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलेलं पीक, थ्रेशरची घरघर, भुशाचा पिवळा धुरळा. अश्विनातलं ऊन काचेतून मांडीवर भाजत होतं. एका गावाच्या पुढे गाडीनं एक आचका दिला. मला वाटलं, माझाच पाय हलला. मग दुसरा. बाबांनी मान तिरकी करून ऐकलं. "बाजूला घे," म्हणाले. मी कशीबशी कडेला घेतली आणि इंजिन एक उसासा टाकून बंद पडलं.

"हवा घेतली हिनं," बाबा म्हणाले.

आता मागे वळून लिहिताना हे तीन शब्द साधे वाटतात. तेव्हा मी बाबांकडे न बघता पर्समधला फोन शोधू लागले. मी टॅक्सीवाल्याला फोन लावला. नवमीचे भंडारे, मिरवणुका. तो म्हणाला, दो घंटे तो लग ही जाएँगे मॅडम. रस्त्यानं एक बस गेली, दारात माणसं लोंबकळत होती. बाबा दोन पावलं चालले तरी धापा टाकत होते. मी त्यांच्या ओठांचा रंग बघत होते. ते निळे दिसतात की मला तसं वाटतंय, हे काही केल्या कळत नव्हतं.

"रडायला वेळ आहे का?" बाबांनी विचारलं. "बॉनेट उघड."

उघडलं. माळेतला एक झेंडू इंजिनावर पडून करपला होता. बाबा दरवाज्याला टेकून उभे राहिले आणि वाकून पाहू लागले. मग त्यांनी बोट दाखवलं. चिंचेनं घासलेला स्क्रू उन्हात लखलखत होता, आणि त्याच्या डोक्याखालून बारीक ओल पाझरत होती.

"वायसर नाही," ते म्हणाले. "तांब्याचा वायसर असतो याच्याखाली, अंगठीसारखा. तोच नाही. इथूनच हवा ओढतेय." आणि मग, मला वाटतं, त्यांच्या लक्षात आलं. "तुझ्या आईनं घासायला नेला होता."

वायसर नाही, पाना नाही. घरी सगळं देवापुढे फुलं वाहून घेत बसलेलं. मला त्या क्षणी पूजेचा, पाटाचा, आमच्या सगळ्या खानदानाचा इतका संताप आला की मी बंपरला लाथ मारली. पायालाच लागलं.

थ्रेशरवरचा शेतकरी डोक्याचं उपरणं झटकत आला. "कंई हुई ग्यो, बाबूजी?"

"हवा ले गई," बाबा म्हणाले. "दस नंबर का पाना होगा?"

"आपके पास नहीं है?"

"है. पूजा में बैठा है."

तो हसला नाही, मान डोलावली. "हमारा तो कल बैठेगा. लो." आणि त्यानं ट्रॅक्टरच्या डब्यातून पाना काढून दिला. एका दिवसाच्या फरकानं आम्ही वाचलो. दसरा आणि नवमी यांच्यातल्या अंतराला मी तेव्हापासून मनातल्या मनात नमस्कार करते.

पण वायसरचं काय? बाबांनी पुन्हा वाकून स्क्रूकडे पाहिलं. मग त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. मनगटावर तो लाल नाडा.

"हा काढ."

"नको बाबा."

"स्क्रूच्या डोक्याखाली घट्ट गुंडाळ. इंदूरपर्यंत टिकेल."

"आईनं बांधलाय. तुमच्यासाठी."

"म्हणूनच मजबूत आहे. काढ."

मी स्वतःला शिकलेली समजते. वर्गात मुलांना ग्रहणं कशी होतात ते संत्रं नि लिंबू घेऊन दाखवते. पण माझा हात त्या नाड्याकडे जाईना. वाटलं, हा तोडला आणि काही झालं तर? आईला काय सांगू? आणि नाही तोडला तर? दोन्हीकडून तेच भय समोर येत होतं, आणि मध्ये बाबांचा श्वास वाजत होता. आईच्या गाठी नखांनी सुटेनात. शेवटी त्या शेतकऱ्यानं कमरेचा विळा काढला. बाबांच्या मनगटाखाली ते चकचकीत पातं गेलं तेव्हा मी तोंड फिरवलं. कट्‌ असा बारीक आवाज आला.

मग मी ते केलं, जे अर्ध्या कानानं ऐकलं होतं. स्क्रू पूर्ण काढला, नाडा गुंडाळला, पुन्हा दोन आटे बसवला. बटण दाबलं. घामानं अंगठा बटणावरून घसरायचा. बाबा सांगत होते, अडखळत, मध्ये श्वास घेत. "दाब… सोड… दाब. घाई नको." फेस आला. भुरकट, साबणासारखा. दाबत राहिले. बुडबुडे आले, मोठे, मग छोटे. डिझेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. कधी संपणार ही हवा? एवढ्याशा नळीत इतकी हवा मावते तरी कशी? आणि मग फुगा फुटावा तसा एक शेवटचा बुडबुडा आला, त्याच्या मागून पातळ, स्वच्छ, सोनेरी धार.

"आता आवळ. बटण सोडू नको. आवळ!"

हीटरचा दिवा विझेपर्यंत मी त्या दिवशी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण थांबले. किल्ली फिरवली. घरघर, घरघर, एक आचका, आणि खडखडाट सुरू झाला. शेतकरी "जै माताजी" म्हणाला. बाबा सीटवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. इंदूरपर्यंत मी एक डोळा रस्त्यावर आणि एक त्यांच्या छातीवर ठेवून गाडी चालवली. ती वर-खाली होतेय ना, एवढंच बघत होते.

आमची वेळ टळून गेली होती. पण पुढचा पेशंटही कुठल्या तरी मिरवणुकीत अडकला होता, म्हणून मशीन रिकामं होतं. नळ्या जोडल्या, रक्त फिरू लागलं. बाबांनी विचारलं, "सिस्टर, हवा काढली ना?" त्या दिवशी मी स्टुलावर बसून ढसाढसा रडले. सिस्टरनं मला पाणी दिलं आणि माझ्या हातांचा वास येऊन नाक मुरडलं.

घरी येताना मनगट झाकायला बाबांनी पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातला, अश्विनाच्या उकाड्यात.  दसऱ्याला संध्याकाळी आईनं पूजा उतरवली तेव्हा ताम्हनात अक्षतांखाली तांब्याचं एक इवलंसं वेढणं निघालं, त्यावर हळदकुंकवाचं बोट. "हे कशाचं हो? मला वाटलं, देवाचंच काही असेल, म्हणून पूजा केली." बाबा खोकला येईपर्यंत हसले. मग आपट्याची पानं द्यायला त्यांनी हात पुढे केला आणि बाही वर सरकली.

"धागा कुठाय?" आई म्हणाली.

"गाडीला बांधला."

 आईनं ते रिकामं मनगट हातात धरलं, उलटसुलट पाहिलं. "बरं केलंत," म्हणाली. "दर वेळी तीच तर घेऊन जाते तुम्हाला." पण रात्री देवघरात ती बराच वेळ बसून होती, आणि तिचे हात जोडलेले नव्हते, एकमेकांत आवळलेले होते. भीती मला कोणाकडून आली, ते मला तेव्हा कळलं.

त्याच्या पुढच्या नवरात्रापासून आमच्या पाटावर एक बदल झाला. पाने ओळीनं मांडले जातात: आठ नंबर, नऊ नंबर, मग एक सुपारी, मग अकरा नंबर. दहा नंबरचा पाना फडक्यात गुंडाळून गाडीतच असतो, सोबत दोन जास्तीचे वायसर. हे आईनंच ठरवलं. ज्याला येता येत नाही त्याच्या जागी सुपारी ठेवायची, ही आपली जुनी सोय. देव रागावेल का, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "देवाला कळतं कोण कुठे ड्यूटीवर आहे ते."

आता पुन्हा अश्विन आला आहे. नानाखेड्याच्या पलीकडच्या शेतांतून भुशाचा वास येतो, आई दाराशी तोरणाला पानं ओवतेय. बाबांचं डायलिसिस चालूच आहे. ते बारीक झालेत, कानानं चांगलं ऐकतात, पण बोलतात कमी. मधल्या वर्षांत ते एकेक गोष्ट माझ्या हाती देत गेले. आधी पाना, मग बटण, मग नुसतं स्टुलावर बसून सांगणं. कशासाठी देताहेत ते आम्हाला दोघांनाही माहीत आहे, आणि दोघंही त्यावर बोलत नाही.

काल अष्टमी होती. फिल्टर बदलायचा होता. बाबांना पोर्चमध्ये खुर्चीत आणून बसवलं, पायावर शाल टाकली. मी सुरुवात केली आणि सवयीनं वाट पाहू लागले, आता सांगतील, दाब, सोड. ते काही बोलले नाहीत. डोळे मिटलेले होते. मी जुना फिल्टर काढला, नवा भरून बसवला, वायसर दोनदा चाचपून पाहिला, स्क्रू सैल ठेवून बटण दाबू लागले. फेस. बुडबुडे. बाबा गप्प. धार आली, स्क्रू आवळला. किल्ली अर्धी फिरवली, दिवा विझू दिला. इंजिन सुरू झालं, खडखडाट सगळ्या कॉलनीत गेला. सगळं मी एकटीनं केलं होतं, कोणी न सांगता.

मोठ्या उत्साहानं मी मागे वळले. बाबांची मान एका बाजूला कलली होती. शाल पायावरून घसरली होती आणि हात तिच्यासकट खाली लोंबत होता. त्या खडखडाटात त्यांचा श्वास ऐकू येणं शक्य नव्हतं. छाती हलतेय की शर्ट वाऱ्यानं हलतोय, ते कळेना. "बाबा," मी म्हटलं. धावत खुर्चीजवळ गेले. माझ्या मनात एकच आलं: मी शिकले, म्हणून संपलं का त्यांचं काम?

डोळे न उघडताच बाबांचे ओठ हलले.

"एक बुडबुडा राहिलाय," ते म्हणाले. "ऐक नीट."

मी ऐकलं. खरंच, खडखडाटात मध्येच एक ठोका चुकत होता.

डोळे पुसत मी गाडी बंद केली आणि स्क्रू पुन्हा सैल करायला घेतला. आयुष्यात कोणी माझी चूक दाखवल्यावर मला इतका आनंद झाला नव्हता.